समुद्राच्या तळाला कोल्हापूरचं शिसं नको

शुक्रवारी रात्री कोल्हापुरातून निघालेली गाडी गगनबावड्यावरून करूळचा घाट उतरते आणि फटफटायच्या सुमाराला मालवण किंवा देवगडच्या बंदरात पोचते. डिकीत रॉड, रीळ आणि एक डबा. डब्यात रंगीत रबरी मासे आणि गळ बसवलेली शिशाची डोकी. घाटावर ज्याला गळ म्हणतात त्याला घाटाखाली गरी म्हणतात, आणि गरीनं मासे धरण्याला गरवणं. शब्द बदलला तरी ओढ तीच. राजाराम बंधाऱ्यावर कणकेची गोळी लावून तासन्‌तास बसलेल्या माणसाला समुद्रावर आल्यावर तळाचा मासा खुणावू लागतो: तांबोशी, हेकरू, पालू.

होडी खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या कातळावर येते. दहा वाव पाणी आहे, असं होडीवाला सांगतो. रबरी मासा सोडला जातो, लाइन सैल पडते, म्हणजे तळ लागला. दोनदा उचलून सोडल्यावर तिसऱ्यांदा रॉड वाकतो. मासा नसतो, कातळ असतो. थोडी ओढाओढ होते, लाइन तुटते आणि डब्यातून दुसरं डोकं निघतं.

तुटलेल्या लाइनीबरोबर खाली काय राहिलं, याचा हिशेब होडीत होत नाही. २८ ग्रॅम शिसं, एक पोलादी गळ, चार इंचांचा प्लास्टिकचा मासा आणि एखाद-दोन वाव लाइन. चौघांच्या होडीत प्रत्येकाची दिवसाला पाच डोकी गेली, तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या किलोहून जास्त शिसं तळाला बसलेलं असतं. हंगामात असे किती शनिवार-रविवार येतात, याचा गुणाकार ज्याचा त्यानं करावा.

हा छंद चांगला आहे. तो माणसाला समुद्राची भाषा शिकवतो, भरती-ओहोटी बघायला लावतो, मोबाइल खिशात ठेवायला लावतो. म्हणूनच तो नीट व्हायला हवा. रबरी मासा गळावर नीट ओवायला शिकणं आणि त्याच्या डोक्यातलं शिसं काढून टाकणं, ही दोन कामं कोल्हापूरच्या हौशी मासेमारांनी अंगावर घ्यायला हवीत. पहिलं काम प्रत्येकाच्या बोटांत आहे. दुसरं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या हातात आहे.

गळाची हौस या मुलखाला नवी नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा स्वतंत्र भाग आहे. समुद्रातले मासे कोणते, गोड्या पाण्यातले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, कुणाला कसलं आमिष लावायचं, दोरी कशाची आणि गळ कसा, हे सगळं त्यात येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या भागावर अभ्यासलेख प्रसिद्ध केला तेव्हा जगातल्या मत्स्यअभ्यासकांना त्याची ओळख झाली. कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक. म्हणजे पंचगंगेच्या खोऱ्यावर ज्यांची अधिसत्ता होती, त्यांच्या दरबारी गळ हा अभ्यासाचा विषय होता. माशाच्या सवयी ओळखून आमिष बनवावं, ही त्या ग्रंथातली दृष्टी आजही तितकीच खरी आहे.

रबरी मासा मात्र अलीकडचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन इथे निक क्रीम नावाच्या माणसानं १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचं गांडूळ साच्यात ओतलं. खऱ्या गांडुळासारखं लवचीक, पण गळावर टिकणारं. त्या एका गांडुळापासून आजचे शेपटी हलवणारे मासे, कोळंब्या, खेकडे जन्माला आले. बोलताना रबर म्हणत असले तरी बहुतेक मासे पीव्हीसीचे असतात. पीव्हीसीची पूड तेलासारख्या द्रवात कालवून तापवली की मऊ, लिबलिबीत प्लास्टिक तयार होतं. तो द्रव जितका जास्त तितका मासा मऊ. हे मासे काही प्रकारच्या कडक प्लास्टिकच्या डब्यात महिनाभर पडले की डब्याचा तळ विरघळून चिकट होतो, तो याच द्रवामुळे. हौशी माणसानं तो चिकटा एकदा बोटानं चाचपून पाहावा. डब्याचं जे झालं ते करणारा पदार्थ आपण पाण्यात सोडतो आहोत, एवढं त्यातून लक्षात येतं.

आता ओवण्याकडे. सगळं इथेच ठरतं.

जिगहेड म्हणजे धातूचं डोकं आणि त्यातून निघालेला गळ, असा एकसंध तुकडा. रबरी मासा आधी त्याच्या शेजारी धरायचा, नाकाशी नाक जुळवून. गळाचा बाक जिथे येतो तिथे माशाच्या पाठीवर नखानं खूण करायची. ही खूण न करताच ओवणारे जास्त, आणि काम तिथेच बिघडतं. मग गळाचं टोक माशाच्या तोंडाच्या बरोब्बर मध्यावर टोचायचं आणि बांगडी चढवावी तसा मासा हळूहळू गळावर चढवत न्यायचा. टोक खुणेखाली आलं की पाठीतून वर काढायचं. माशाच्या पाठीवर साच्याची बारीक रेघ असते. टोक त्या रेघेवरच निघालं पाहिजे. शेवटी नाक डोक्याला टेकवायचं आणि मासा तळहातावर ठेवून पाहायचा. टोक खुणेच्या मागे निघालं असेल तर माशाला कुबड येतं. पुढे निघालं असेल तर तो ताणला जातो. दोन्ही वेळा बाहेर काढून पुन्हा ओवायचा.

वाकडा ओवलेला मासा पाण्यात भोवऱ्यासारखा फिरतो. शेपटीची चाल मरते, लाइनला पीळ पडतो. खालचा मासा त्याच्याकडे फिरकत नाही आणि पिळलेली लाइन खडपाला घासली की आधी तुटते. एक सेंटीमीटरची चूक, आणि मासाही नाही, सामानही नाही. होडीच्या कडेला हात खाली करून मासा पाण्यात दोनदा ओढून पाहिला तरी चूक उघडी पडते. त्याला अर्धं मिनिट लागतं.

खडपात उघड्या टोकाचा गळ चालतच नाही. कोकणचा किनारा म्हणजे वाळू आणि कातळ यांची सरमिसळ, आणि हेकरू, तांबोशी राहतात कातळाच्या फटीत. तिथे टोक लपवावं लागतं. या पद्धतीला टेक्सास रिग म्हणतात. तिच्यासाठी मानेत काटकोनी वळण असलेला, रुंद बाकाचा गळ घ्यायचा. टोक नाकातून अर्धा सेंटीमीटर आत घालून हनुवटीतून बाहेर काढायचं, गळ मानेपर्यंत ओढून घ्यायचा, अर्धा फिरवायचा आणि टोक पोटातून घालून पाठीच्या कातडीखाली दडवायचं. पाठीवरून बोट फिरवलं तर ते लागत नाही. माशानं जबड्यात दाबलं की रबर दबतं आणि टोक बाहेर येतं. वजन वेगळं, लाइनीत ओवलेलं, पुढे निमुळतं असतं. ते फटीत घुसलं तरी बहुतेक वेळा मागे ओढल्यावर सुटून येतं.

वजन किती घ्यायचं? तळ लागल्याचं हाताला कळेल इतकंच. जड डोकं लवकर खाली जातं आणि तितक्याच घट्ट फटीत बसतं. इथे कोकणातल्या मच्छीमाराचं शहाणपण कामी येतं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते. तेव्हा हलकं डोकंही तळ गाठतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्याच जागी त्याच्या दुप्पट वजन वाहून जातं. मच्छीमार तिथी बघून समुद्रावर जातो. घाटावरून जाणाऱ्यांनी सुट्टीच्या वाराबरोबर तिथीही बघावी. लाइन तुटण्याचं प्रमाण तेवढ्यानं कमी होईल.

इतकं करूनही काही वेळा तुटणारच. मग प्रश्न उरतो तो तळाला काय राहतं याचा.

शिसं सोयीचं आहे, यात वाद नाही. ते ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या शेगडीवरही. ते जड आहे, स्वस्त आहे, साच्यात झटकन भरतं. आणि ते विषारी आहे. शिशाच्या संपर्काची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे आणि त्यातली २७ कोटींहून जास्त मुलं भारतातली आहेत. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणं हे त्याचं एक मोठं कारण. पैसे वाचवायला जुन्या बॅटरीतलं किंवा चाकाच्या वजनाचं शिसं घरामागे वितळवून डोकी ओतणारा हौशी माणूस नेमकं तेच करत असतो. फरक एवढाच, की तो ते आपल्या मुलांच्या अंगणात करतो. शिशाची बारीक गोळी दातानं चावून लाइनीवर बसवण्याची सवयही तितकीच वाईट.

पाण्यातल्या शिशाचा धडा इंग्लंडनं महागात शिकला. थेम्स आणि इतर नद्यांवरचे हंस मरू लागले आणि त्यांच्या पोटात गळाच्या शिशाच्या गोळ्या सापडू लागल्या. तळाचे खडे टिपताना हंस त्या गोळ्याही गिळत होते. १९८७ मध्ये ब्रिटननं ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची गळासाठी विक्री बंद केली. त्यानंतर हंसांची संख्या सावरली. डेन्मार्कनं हौशी मासेमारीतलं शिसं या शतकाच्या सुरुवातीलाच बंद केलं. कॅनडानं राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमखालच्या शिशाच्या गळसामानावर १९९७ मध्ये बंदी घातली. यातल्या कुठल्याच देशात गळ टाकणं थांबलं नाही. लोकांनी धातू बदलला.

धातू बदलायचा तर कोल्हापूरसारखं दुसरं गाव शोधूनही सापडायचं नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. देशातल्या मोठ्या फौंड्री केंद्रांमध्ये या पट्ट्याचं नाव घेतलं जातं. इथल्या भट्ट्यांतून निघालेलं ओतीव काम देशभरच्या वाहनांत बसतं. ज्या शहरानं उसाच्या चरकापासून ऑइल इंजिनापर्यंत सगळं स्वतः बनवायची हिंमत केली, त्या शहराची माणसं समुद्रात टाकायला बाहेरून आलेलं शिसं विकत घेतात, हे खटकायला हवं.

लोखंड हलकं पडेल, ही शंका लगेच निघते. ती आकड्यांवर तपासून पाहावी. शिशाची घनता ११.३, साध्या ओतीव लोखंडाची सुमारे ७.२. २८ ग्रॅम शिशाचा गोळा साधारण १७ मिलिमीटर जाडीचा होतो. तितक्याच वजनाचा लोखंडाचा गोळा साडेएकोणीस मिलिमीटरचा. वाढ अडीच मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या रुंदीएवढी. समुद्राच्या पाण्यात बुडल्यावर शिशाच्या गोळ्याचं वजन साडेपंचवीस ग्रॅम भरतं, लोखंडाच्या गोळ्याचं चोवीस. फरक दीड ग्रॅमचा. गोळा थोडा मोठा असल्यानं पाणी त्याला जरा जास्त धरतं आणि तो किंचित सावकाश उतरतो. दहा वाव पाण्यात या फरकानं कुणाचा दिवस वाया जात नाही. लोखंड गंजेल, ही दुसरी शंका. तळाला राहिलेलं लोखंड गंजून जावं, हेच तर हवं आहे.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती उद्यमनगरातल्या माणसाला चटकन कळेल. शिसं कमी तापमानाला वितळतं, म्हणून गळ साच्यात ठेवून त्याच्याभोवती ओतता येतं. ओतीव लोखंड बाराशे-तेराशे अंशांच्या पुढे ओतावं लागतं. त्यात गळ ठेवला तर त्याचं पाणी उतरतं आणि तो तारेसारखा वाकतो. म्हणून डोकं वेगळं आणि गळ वेगळा ठेवायचा. डोक्याला आरपार भोक, त्यातून तारेची कडी आणि कडीत अडकवलेला गळ. रशियात ही पद्धत चेबुराश्का या नावानं रुळलेली आहे. तिचा फायदा असा, की गळ सांध्यावर हलतो, रबरी मासा जास्त मोकळा पोहतो आणि गळ बोथट झाला तर डोकं न टाकता गळच बदलता येतो. असं डोकं ओतायचीही गरज नाही. लेथवर बार लावून टर्नर ते सहज काढून देईल.

ज्याला जुन्या पद्धतीचा एकसंध जिगहेडच हवा, त्याच्यासाठी कथील आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात तेच. ते २३२ अंशांना, म्हणजे शिशाच्याही आधी वितळतं, गळाला धक्का लागत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचा मुलामा दिलेल्या भांड्यांत घरोघर स्वयंपाक झाला आहे. घनता लोखंडाच्या जवळपास. किंमत मात्र शिशाच्या कित्येक पट. टंग्स्टन शिशाहून पुष्कळ जड आणि त्याचं डोकं छोटं होतं, पण तेही महाग. सामान्य खिशाला परवडेल असा मार्ग लोखंडाचाच.

आणि ज्याला उद्यापासूनच सुरुवात करायची आहे, त्याच्यासाठी उद्यमनगरातल्या भंगारात वजन तयार पडलं आहे. साधा १६ एमएमचा नट तीस-पस्तीस ग्रॅम भरतो. ड्रॉप शॉट नावाच्या रचनेत वजन सगळ्यात खाली असतं आणि गळ त्याच्या वर हातभर अंतरावर, लाइनीतच बांधलेला. रबरी मासा नाकात टोचून आडवा धरलेला. नट बांधायचा तो मुख्य लाइनीपेक्षा बारीक तंगुसानं. नट खडपात अडकला की बारीक तंगूस आधी तुटतो; मासा, गळ, लाइन सगळं परत येतं. खाली राहतो तो दोन-चार रुपयांचा नट, जो गंजून जाणार आहे. जस्ताचा मुलामा नसलेला, तेल-ग्रीस पुसलेला नट घ्यावा, एवढीच काळजी.

प्लास्टिकचं काय? रबरी मासा एकदा-दोनदा चावला गेला की त्याची शेपटी तुटते, नाक फाटतं. फाटलेला मासा गळावरून काढून पाण्यात टाकणं ही होडीवरची सर्वसाधारण सवय आहे. तो तळाला पडतो आणि खराच मासा समजून दुसरा मासा त्याला गिळतो. अमेरिकेत ब्रूक ट्राउट माशांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मासे असे प्लास्टिकचे तुकडे आपणहून खातात, ते आठवडेच्या आठवडे पोटात राहतात आणि माशांचं वजन घटतं, असं दिसलं. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली, तिच्यामागे गाईच्या पोटातल्या पिशव्यांचंही चित्र होतं. रबरी मासा त्या यादीत नाही. तरी ज्याच्या घरात बाजाराची पिशवी कापडाची झाली आहे, त्यानं होडीत एक रिकामी बरणी ठेवावी आणि फाटलेले मासे, तुटलेले लाइनीचे तुकडे त्यात टाकून घरी आणावेत. फाटलेल्या माशाचं नाक कापून टाकलं तर तो आणखी एकदा वापरता येतो. दोन तुकडे मेणबत्तीवर गरम केलेल्या सुरीनं जोडताही येतात. हे काम मोकळ्या हवेत करावं, कारण त्याचा धूर छातीला वाईट.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या माशाचीही थोडी ओळख हवी. हेकरू जन्मतो मादी म्हणून आणि मोठा झाल्यावर नर होतो. जिताड्याचं उलट: तो आधी नर असतो, मोठेपणी मादी होतो. त्यामुळे फोटोसाठी मोठ्यात मोठा मासा उचलणारा माणूस एका जातीचे नर संपवतो आणि दुसऱ्या जातीच्या माद्या. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली, ती लहान मासा वाचावा म्हणून. हौशी माणसानं त्याच्या जोडीला मोठा मासाही सोडावा. त्याचं पोट त्या माशावर अवलंबून नाही.

सोडतानाही रीत आहे. अकरा वाव, म्हणजे सुमारे २० मीटर पाण्यात दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथून मासा झरझर वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे तटतटतात. असा मासा पाण्यात सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. तो पोट वर करून तरंगतो आणि घारी-कावळ्यांचं खाद्य होतो. त्याला खाली पोचवावं लागतं. बिनकाट्याचा गळ उलटा वजनाला बांधायचा, माशाच्या खालच्या जबड्यात हलकेच अडकवायचा आणि वजनासकट मासा तळाकडे सोडायचा. खाली दाब वाढला की पिशवी आवळते, लाइनीला हिसका दिला की गळ सुटतो आणि मासा पोहत जातो. मेक्सिकोच्या आखातात प्रवाळातल्या माशांसाठी गळ टाकणाऱ्या अमेरिकी होड्यांना असं साधन किंवा पिशवीतली हवा काढायची सुई जवळ ठेवणं २०२२ मध्ये सक्तीचं करण्यात आलं. इथे तेच १६ एमएमचे नट चालतात, पण एक पुरत नाही; माशाला खाली नेतील इतके एकत्र बांधावे लागतात.

काही जागा मुळातच सोडून द्यायच्या असतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचं पाणी येतं, आणि त्याच्या तळाला प्रवाळ आहे. त्या प्रवाळावर गळ टाकायला जागा नाही, असं प्रत्येकानं ठरवावं. महाकाय हेकरू म्हणजे जायंट ग्रुपर हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. तो गळाला लागला तर फोटोसाठीही होडीत घेऊ नये, पाण्यातच गळ कापावा.

या सगळ्यावर एक उत्तर ठरलेलं असतं: ट्रॉलर तळ खरवडून नेतात, एलईडीवाले रात्रीचा समुद्र उजळून मासे उपसतात, पर्ससीनची जाळी थव्यांचे थवे उचलतात, आणि तुम्ही रॉडवाल्याला शहाणपण शिकवता. या तक्रारीत तथ्य आहे. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर आणि पारंपरिक मच्छीमार याच प्रश्नांवर वर्षानुवर्षं झगडत आहेत. त्यांच्या लढ्यामुळेच राज्याला ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध आणावे लागले. त्या निर्बंधांची नीट अंमलबजावणी व्हावी, ही मागणी हौशी मासेमारांनीही त्यांच्या खांद्याला खांदा लावून केली पाहिजे.

पण मच्छीमाराच्या पागाला, म्हणजे हातानं फेकायच्या जाळ्यालाही शिसं असतं, हा युक्तिवाद टिकत नाही. पाग रोज घरी परत येतो. त्याचं शिसं हरवलं तर मच्छीमाराचं नुकसान होतं, म्हणून तो ते जपतो. जिगहेड मात्र हरवायचं असं गृहीत धरूनच डझनानं घेतलं जातं. आणि मच्छीमार पोटासाठी समुद्रावर जातो, हौशी माणूस आनंदासाठी. ज्याला आनंदासाठी जायचं आहे, त्याच्यापुढे निवड करायची मोकळीक जास्त, म्हणून जबाबदारीही जास्त. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका किनाऱ्याला बांधलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत मच्छीमाराच्या घरची चूल कशी चालते, हे घाटावरच्या पाहुण्यानं एकदा विचारून पाहावं. माशांच्या विणीसाठी तो एवढं सोसतो. पाहुण्यानं निदान त्याच्या अंगणात विष टाकून जाऊ नये.

करायचं काय, ते ठोस आहे. कोल्हापुरात गळसामान विकणाऱ्या दुकानांनी काउंटरवर लोखंडी वजनं पुढे मांडावीत आणि शिसं मागितलं तरच काढावं. सोबत जाणाऱ्या मित्रमंडळींनी आपल्या गटापुरता नियम करावा: शिसं नाही, फाटलेलं रबर पाण्यात नाही, खडपात उघडं टोक नाही. उद्यमनगरातल्या एखाद्या तरुण कारखानदारानं भोकाचं, कडीचं लोखंडी डोकं १४, २१ आणि २८ ग्रॅममध्ये बनवून बाजारात आणावं. माल छोटा आहे, पण गिऱ्हाईक मुंबईपासून गोव्यापर्यंत आहे. तंत्रनिकेतनांतल्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी यापेक्षा हाताशी असलेला विषय मिळणार नाही. आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागानं हौशी मासेमारीतल्या शिशाच्या विक्रीवर निर्बंध आणण्याचा विचार सुरू करावा. ब्रिटननं हे केलं त्याला चार दशकं होत आली.

१ ऑगस्टला बंदी उठते. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावरची माणसं समुद्राला नारळ देऊन हंगामाला हात घालतात. त्या सुमारास करूळचा घाट उतरणाऱ्या कोल्हापूरच्या पहिल्या गाडीतल्या डब्यात शिशाचा एकही गोळा नसावा. कोल्हापूरकरांनी या हंगामात एवढं करून दाखवावं.